दत्ताला, कांद्याबद्दल आणि त्या रात्रीच्या फोनबद्दल

दुबई, 15 जून 2025

प्रिय दत्ता,

परवा तुझा कांदाचाळीचा फोटो आला. खाली एक शब्द नाही, नुसता फोटो, आणि मी तो झूम करून करून बघितला. मधल्या थराला काळं पाणी सुटलेलं दिसतंय, डाव्या कोपऱ्यात कोंब फुटलेत, आणि तू काढून बाजूला टाकलेला ढीग तर चाळीएवढाच वाटला मला. मे महिन्यात असा पाऊस मी तरी आपल्याकडे कधी बघितला नाही. 26 मेला मान्सून मुंबईत पोचला तेव्हा इथे सगळे मुंबईवाले पाण्यात बुडालेल्या मेट्रो स्टेशनचे व्हिडिओ फिरवत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की दत्ताचा उन्हाळ कांदा चाळीत गेला होता का शेतातच पडला होता. विचारायला हात गेला नाही. का गेला नाही ते तुलाही माहितीय, मलाही.

सहा महिने झाले आपण नीट बोललो नाही. सणाचे मेसेज, वाढदिवसाचा केक, तुझ्या पोरीच्या दहावीच्या रिझल्टवर मी टाकलेला अंगठा, बास. म्हणून आज सुट्टी आहे, रूममध्ये कुणी नाहीये, तर बसून लिहितोय. फोनवर मला हे जमणार नाही, फोनवर मी चढतो आणि मग तू गप्प होतोस, आपलं शाळेपासून असंच आहे.

23 नोव्हेंबरच्या रात्री मी तुला जे बोललो ते मला अजून शब्दन् शब्द आठवतंय. विधानसभेचा निकाल लागला होता, मी दिवसभर ड्यूटीवर मोबाईल लपवून आकडे बघत होतो, भाजप 132, शिंदे 57, दादा 41, आपल्या नाशिक जिल्ह्यात 15 पैकी 14 महायुतीच्या आणि पंधरावी मालेगाव मध्यची एमआयएमची. मला ते पटतच नव्हतं. रात्री बोटिमवरून तुला फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता बोललो, पंधराशे रुपयांत विकले गेलात रे तुम्ही. तू म्हणालास, तुझी वहिनी शेजारी बसलीय, फोन स्पीकरवर आहे. तरी मी थांबलो नाही. पुढचंही बोललो. मग तू फोन ठेवलास.

मी तसा का बोललो ते सांगतो, सफाई म्हणून नाही, पण तुला माझी बाजू कधी कळलीच नाही कारण मी कधी सांगितलीच नाही.

तू मला नेहमी विचारतोस की गोडाऊनमध्ये काम काय असतं. अरे, कंटेनर येतो जेबेल अली बंदराला, तिथून आमच्याकडे, मी माल मोजून घेतो, खराब किती निघाला ते लिहितो, पुढे दुकानांना आणि हॉटेलांना पाठवतो. आणि त्यात निम्मा वेळ कांदा. न्हावाशेवाहून आलेली लाल जाळीची गोणी उघडली की जो वास येतो ना, त्या वासाला मी डोळे मिटून लासलगावच्या लिलावात उभा असतो, नानांचा ट्रॅक्टर रांगेत आणि आपण दोघं ट्रॉलीवर. इथल्या पोरांना ते सांगून कळत नाही.

आता बघ. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं तेव्हा तुमच्याकडे मार्केट कमिट्या बंद पडल्या, तू रास्ता रोकोचे फोटो पाठवलेस. त्याच आठवड्यात माझ्याकडे सप्लायरचे फोन, की बिल बदलून द्या. मग ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत. मग 8 डिसेंबरला सरळ बंदी. तुझ्या बाजूने त्या दिवशी काय झालं ते तू सांगितलंस, सकाळच्या लिलावात एक भाव आणि दुपारी ट्रॅक्टर परत न्यायची वेळ. माझ्या बाजूने काय झालं ते ऐक. पंधरा दिवसांत आमच्या गोडाऊनमधून आपल्या गोण्या संपल्या. त्यांच्या जागी पाकिस्तानचा कांदा आला, तुर्कीचा आला, इजिप्तचा आला. दोन-अडीच दिरहमला मिळणारा किलो सातला गेला, म्हणजे आपले दीडशेच्या वर रुपये. आमच्या रूममध्ये सहा जण, आम्ही कांदा मोजून चिरायला लागलो. आणि त्याच जानेवारीत तू मला लिहिलंस की तेराशे रुपये क्विंटलने दिला. तेरा रुपये किलो. एका सरकारी आदेशाची दोन टोकं, एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला मी, आणि दोघांचंही नुकसान. मी रात्री झोपताना हा हिशोब करायचो दत्ता, खरंच सांगतो, मधले पैसे गेले कुठे याचा. एप्रिलमध्ये सरकारने आधी गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वाट करून दिली आणि नाशिक पेटलं, मग दोन दिवसांत खुलासा आला की सहा देशांना मिळून 99,150 टनांची परवानगी आहे, त्यात आमची अमिरातही होती. म्हणजे सरकार टू सरकार थोडा कांदा इथे पोचत होता. पण तो पोचला तरी तुझ्या हातात तेरा-चौदा रुपयेच.

म्हणून माझ्या डोक्यात राजकारण म्हणजे कांदा असं पक्कं बसलं. आणि लोकसभेच्या निकालाने ते अजून पक्कं केलं. दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, भास्कर भगरे सर लाखाच्या वर मतांनी आले, तिकडे नाशिकमध्ये वाजे आले, राज्यात 48 पैकी 30 आघाडीच्या. मी गोडाऊनमध्ये पेढे वाटले, पेढे कसले, करामाच्या दुकानातले बर्फीचे तुकडे. मी सगळ्यांना सांगत फिरलो की आमच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिलं. त्या निवडणुकीतली खरी गंमत मला काकूंनी सांगितली, चॅनेलवाल्यांनी नाही, की यादीत दोन भगरे होते, एकाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि दुसऱ्याचं नुसती तुतारी, आणि त्या दुसऱ्याला लाखाच्या वर मतं पडली. काकू म्हणाल्या, मीही आधी तीच बघितली होती रे, मग माणूस शोधला. हे मला इथे बसून कधीच कळलं नसतं. तेव्हाच मला समजायला हवं होतं की मला जे दिसतंय ते किती कमी आहे.

मी मे महिन्यात मतदानाला आलो नव्हतो हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस पण मला लागलं होतं ते. आमच्या इथला मलप्पुरमचा फोरमन 26 एप्रिलच्या मतदानासाठी दोन दिवसांची रजा घेऊन गेला आणि परत आला, बोटावर शाई दाखवत फिरला. केरळवाले विमान ठरवून जातात, वोट विमानम म्हणतात त्याला. मी त्याला विचारलं तेव्हा कळलं की परदेशात राहणाऱ्यालाही भारतीय पासपोर्ट असला तर मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, फॉर्म 6ए, पण मत द्यायला स्वतः त्या केंद्रावर जावं लागतं, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन. पोस्टाने नाही, ऑनलाईन नाही. 2011 पासून ही सोय आहे आणि मला पत्ताच नव्हता. सगळ्या देशातून असे एक लाख 19 हजार लोक नोंदवलेले, 2024 ला त्यातले मत द्यायला आले 2,958, आणि त्यातले 2,670 एकट्या केरळचे. बाकी सगळा देश मिळून तीनशेसुद्धा नाहीत. आम्ही इथे शुक्रवारी रात्री महाराष्ट्राच्या राजकारणावर दोन-दोन वाजेपर्यंत भांडणारे लोक, आणि मत द्यायला जाणारा एक नाही. मला लाज वाटली. त्याच आठवड्यात फॉर्म भरला.

म्हणून नोव्हेंबरला आलो. तिकिटाचे पैसे किती गेले ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. झेडपीच्या आपल्याच शाळेत, दुसरीच्या वर्गात, जिथे बाईंनी आपल्याला ओणवं उभं केलं होतं तिथे मशीन. माझं नाव यादीच्या अगदी शेवटी वेगळं, ते सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली, पासपोर्ट बघून तिथल्या मॅडम दोनदा माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाहेर आलो तेव्हा तू गेटवर उभा होतास आणि आपण चहा प्यायलो. कुणाला दिलं ते तुला माहितीच आहे. तुझं मी विचारलं नाही. चार दिवस गावात होतो पण खरं सांगू, त्या चार दिवसांत मी बोलतच राहिलो, ऐकलं काहीच नाही. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, भाऊजी, तुम्हाला तिकडे आमच्यापेक्षा जास्त बातम्या कळतात. मला ते कौतुक वाटलं होतं.

आणि मग तो फोन.

वहिनींच्या दाढेचं मला जानेवारीत कळलं, ताईकडून. दोन वर्षं दुखत होती, रात्री लवंग धरून झोपायच्या, घरात कधी औषध दुकान तर कधी नानांचं ऑपरेशन तर कधी पोरीची फी, दाढ आपली मागे. रक्षाबंधनाच्या आधी लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते मिळून 3,000 आले आणि त्या एकट्या एसटीने लासलगावला गेल्या आणि दाढ काढून आल्या. तुलाही संध्याकाळी सांगितलं म्हणे. ताई हे सांगत होती आणि मला स्पीकरवर बोललेलं माझं वाक्य ऐकू येत होतं. नोव्हेंबरपर्यंत पाच हप्ते, साडेसात हजार. मी दर महिन्याला आईला पैसे पाठवतो, ती त्यातून तेल आणते, गोळ्या आणते, भिशी भरते, तेव्हा आई विकली जाते का? मग मी कुठल्या तोंडाने बोललो ते.

योजनेवर माझं मत बदललंय असं नाही. निवडणुकीच्या तोंडावर सुरू केलेली योजना आहे, नोव्हेंबरचा हप्ता ऑक्टोबरमध्येच देऊन टाकला हे कशासाठी ते शेंबडं पोरही सांगेल, आणि तिजोरीचं काय होणार ही भीती मला आहेच. यावर आपण भांडू, जरूर भांडू. पण ज्या बाईच्या हातात ते पैसे पडले तिला विकाऊ म्हणायचा हक्क मला नाही. सरकारवरचा राग मी तिच्यावर काढला. तिचा नंबर माझ्याकडे होता, सरकारचा नव्हता, एवढंच त्यामागे कारण होतं.

तू फोन ठेवण्याआधी एक वाक्य बोललास, ते मी तेव्हा धरलं नाही. तू म्हणालास, रात्री बाराची लाईट आहे, मोटार चालू करायला जायचंय, बिबट्या फिरतोय. मी समजलो तू विषय टाळतोस. आता विचार करतो तर तेच उत्तर होतं. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीचं बिल माफ झालं, चांगलं झालं, पण लाईट रात्रीचीच. गोदाकाठच्या उसातून बिबट्या आता कांद्यात येतो, आणि माणूस हातात बॅटरी घेऊन बांधावरून चाललाय. हे चॅनेलवर येत नाही. बिबट्याने कुणाला उचललं की एक दिवस येतं.

मला सुरतेचं हॉटेल माहितीय, गुवाहाटीचं हॉटेल माहितीय, 23 नोव्हेंबर 2019 ला पहाटे किती वाजता राष्ट्रपती राजवट उठली ते मिनिटासकट माहितीय, 5 वाजून 47. पक्ष कुणाचा आणि चिन्ह कुणाचं यावर मी कोर्टाच्या तारखा पाठ केल्या होत्या. आणि मागच्या महिन्यात आई सहज बोलली की वस्तीवरच्या रस्त्याला मुरूम टाकायचा कुणाला सांगायचं, झेडपीचा मेंबरच नाही. मी म्हणलं, मेंबर नाही म्हणजे? ती म्हणे, तीन वर्षं झाली. दत्ता, मार्च 2022 ला आपल्या झेडपीची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक, पंचायत समितीचं तेच, नाशिक महापालिकेचं तेच. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात होतं म्हणून निवडणुकाच नाहीत. आता 6 मेला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलंय. तीन वर्षं आमच्या वस्तीला जाब विचारायला निवडून दिलेला माणूस नव्हता आणि महाराष्ट्राच्या राजकारणावर तासन् तास बोलणाऱ्या मला ते माहिती नव्हतं. तू सांगितलंही असशील कधी. मी मध्येच शिंदे-ठाकरे काढला असेल.

मे महिन्यातलं अजून एक सांगायचं राहिलं. पाकिस्तानशी चकमक चालू होती त्या चार रात्री आम्ही कुणी झोपलो नाही. 8 तारखेच्या रात्री आपली चॅनेलं ओरडत होती की कराची बंदर उद्ध्वस्त झालं. आमचा फोर्कलिफ्टवाला कराचीचा आहे, त्याची बायको-पोरं तिथे. तो कोपऱ्यात उभा राहून सारखा फोन लावत होता. लागला एकदाचा. घरचे म्हणाले, आम्ही जेवतोय, इथे काही नाही. माझ्या हातात मोबाईलवर बंदर जळत होतं आणि तो माणूस माझ्यासमोर घरच्यांशी बोलत होता. पहलगामला ज्यांना मारलं त्यांच्यासाठी माझं रक्त उकळत होतं, त्यात आपल्या महाराष्ट्राचेही सहा जण होते, ते दुःख खरंच होतं आणि अजून आहे. पण त्या रात्रीनंतर मी ते चॅनेल काढून टाकलं. कारण कराचीबद्दल जर ते इतकं धडधडीत खोटं सांगत असेल तर आपल्या निफाडबद्दल मला इतकी वर्षं काय सांगत होतं? कराचीचं खोटं पकडायला माझ्याशेजारी कराचीचा माणूस होता. निफाडचं खोटं पकडायला माझा माणूस तू, आणि तुझ्याशी मी बोलणं तोडून बसलो होतो.

आता माझ्याकडे तुला सांगण्यासारखं जे आहे ते सांगतो, कारण सगळंच मला चुकीचं दिसतं असंही मी मानत नाही. इथून एक गोष्ट तुझ्यापेक्षा नीट दिसते. 1 एप्रिलपासून निर्यात शुल्क पूर्ण गेलं, तुम्ही म्हणालात आता भाव येईल, आला नाही. तुला वाटतं व्यापाऱ्यांनी पाडला. असेलही थोडं. पण आमचा मालक काय म्हणतो ऐक. तो म्हणतो, नाशिकचा माल एक नंबर, टिकतो, रंग आहे, पण भरवसा नाही. दीड वर्षात 40 टक्के शुल्क, मग 800 डॉलर, मग बंदी, मग 550 डॉलर आणि परत 40 टक्के, मग सप्टेंबरला 20 टक्के, मग शून्य. असं असताना वर्षाचा करार कोण करणार? तेव्हा शोधलेले इजिप्तवाले आणि पाकिस्तानवाले त्याने आता धरून ठेवलेत, आपल्याकडून तो लागेल तसं उचलतो. बंदी उठली म्हणजे गिऱ्हाईक परत आलं असं होत नाही, आणि हे मी रोज गोण्या मोजून सांगतोय. हे तुमच्या संघटनेच्या बैठकीत सांग. अनुदान मागता, मागा, नाफेडची खरेदी मागा, पण दोन-तीन वर्षं नियम बदलणार नाही असं लिहून मागा. मला तिथे येऊन बोलता येत नाही, इथे तर रस्त्यावर उभं राहून घोषणा द्यायचा प्रश्नच नाही, म्हणून तू बोल. आकडे लागतील ते मी देतो, कुठल्या महिन्यात कुठल्या देशाच्या किती गोण्या आमच्याकडे आल्या ते माझ्या वहीत आहे.

आणि मला तू लिही. कोण कुठल्या पक्षात गेला ते नको, ते मला कळतं. कोणत्या दिवशी किती भाव, बारीक गोल्टी कांद्याला काय दिलं, रोहित्र जळलं तर किती दिवसांनी आलं, शाळेत मास्तर किती आहेत, झेडपीला आपल्या गटातून कोण उभं राहायचं म्हणतंय. वेळ नसेल तर व्हॉइस मेसेज टाक, बांधावरून चालता चालता बोल, मी ड्यूटीवरून येताना बसमध्ये ऐकत जाईन. झेडपीची तारीख लागली की कळव, मी रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवलाय, फक्त तारीख भरायचीय. यावेळी चार दिवस नाही, पंधरा दिवस येतो, आणि रात्रीच्या लाईटला तुझ्याबरोबर मोटारीवर येतो.

चाळीतला खराब निघालेला काढून टाकलास ना? ताडपत्री लागत असेल तर सांग, पैसे म्हणून नाही, नानांच्या चाळीवर आपण दोघांनी मिळून पाचट टाकलंय, तेवढ्या हक्काने.

पुढच्या रविवारी तुझ्या रात्री नऊला बोटिमवर फोन करतो. उचल.

तुझा,
बाळू

ता. क. फोन आधी वहिनींकडे दे. त्यांची माफी मला तुझ्यामार्फत मागायची नाहीये. स्पीकरवर ठेवलास तरी चालेल.